झोळीच्या दोरावरच्या मुंग्या

आमच्या घरी दात घासायला आंब्याचं पान असायचं. खळ्याच्या कडेच्या कलमाचं पान तोडायचं, मधली शीर ओढून बाजूला ठेवायची, पानाची घडी करून दात खसाखसा घासायचे आणि मग त्या शिरेनं जीभ खरवडायची. वडील मालवणात कचेरीत कारकून. एरवी घड्याळाचा माणूस, पण खळ्यात उकिडवं बसून दात घासायला लागले की त्यांना वेळेचं भान राहत नसे. घासत, खाकरत, दगडी गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याशी गजाली करत. शेजारीही तोंडात पान धरूनच उत्तर द्यायचा. दोघांना एकमेकांचं काय कळत होतं देव जाणे, पण दोघे खूश असत.

मला पान मिळालं ते शाळेत जायला लागल्यावर. त्याआधी माझ्या दातांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. का? तर ते दुधाचे. दुधाचे दात पडायचेच, मग ते घासायचे कशाला? हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलं, आत्याच्या तोंडून ऐकलं, शाळेतल्या गुरुजींच्याही तोंडून ऐकलं. इतकी शहाणी माणसं आणि एकालाही त्यात काही खटकत नव्हतं. माझी एक दाढ किडली, गाल सुजला, तेव्हा आईनं लवंग धरली, मिठाचा शेक दिला आणि सांगितलं, दुधाची आहे, पडेल. पडली. पण पडेपर्यंत मी एका बाजूनं जेवले, आणि त्या वर्षी फणसाचे गरे दुसऱ्यांनी खाल्ले. हे मी विसरलेली नाही.

मी विचारते, आपल्याकडे घर दरवर्षी शाकारतात. जुनं गवत काढायचंच असतं. म्हणून पावसाळाभर कुणी उघड्या वाशांखाली बसतं का?

तर दातांच्या हेळसांडीवरचा माझा राग असा लहानपणापासूनचा. मोठी झाले तेव्हा त्याला शिस्त लागली. दीडेक वर्षापूर्वीची गोष्ट, साठ साल उलटून गेलं होतं. गावातल्या आम्हा पाच-सहा मुलामुलींचं एक मंडळ होतं आणि आम्ही पत्रकं काढायचो. विहिरीत औषध टाका, देवी टोचून घ्या, गोठा घरापासून लांब बांधा. पत्रक कसं लिहायचं तेही ठरलेलं होतं. मथळा प्रश्नाचा, उत्तर दोन ओळींत, आणि शेवटच्या वाक्यात ‘आजच’ हा शब्द हवाच. मला ती पद्धत इतकी अंगवळणी पडली होती की आई म्हणायची, हिला भात वाढला तरी ही आधी मथळा सांगेल.

त्याच सुमाराला रत्नागिरीहून दातांचे एक डॉक्टर काही दिवसांसाठी आमच्या दवाखान्यात आले. लहान मुलांची तोंडं तपासायची होती आणि बॅटरी धरायला कुणीतरी हवं होतं. मी धरली. डॉक्टर बोलायचे कमी. एका पोराचे वरचे पुढचे चारही दात काळे, कोळशाच्या खुंटासारखे झालेले, आणि खालचे मात्र लख्ख. डॉक्टरांनी त्याच्या आईला फक्त इतकंच विचारलं, हा झोपताना तोंडात गोड काय धरतो? ती बाई चपापली. मग त्यांनी मला सांगितलं, पोर चोखतं तेव्हा जीभ खालच्या दातांवर पांघरुणासारखी असते, म्हणून खालचे वाचतात. गोड साठतं ते वरच्यांवर. आणि दुधाचा दात नुसता पडायला आलेला नसतो, मागून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा तो राखत असतो. तो वेळेआधी गेला, तर पक्के दात वाटेल तसे येतात.

गोड म्हणजे काय, ते आम्हा मालवणातल्या माणसांना सांगायला नको. मऊ जुन्या धोतराचा तुकडा, त्यात गुळाचा खडा, वर दोऱ्याची गाठ. त्याला चोखणी म्हणायचं. आई कामाला गेली की पोराच्या तोंडात चोखणी. पोर गप, घर गप. आणि वरच्या दातांची होळी.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. ‘बाळाच्या तोंडात तुम्ही कीड घालता का?’ मंडळातल्यांना मथळा उद्धट वाटला. मी म्हटलं, कीड उद्धट नाही का?

आठवड्याच्या बाजाराला मी पत्रकं घेऊन मासळीच्या ओळीत उभी राहिले. तिथे एक बाई बांगडे विकत होती. देवबागेच्या वाटेवर, किनाऱ्याला लागून तिची वाडी. रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन ती वाळू तुडवत मालवणला यायची. एक गिऱ्हाईक मासे शिळे आहेत म्हणून नाक मुरडत होतं. तिनं काही न बोलता अंगठ्यानं बांगड्याचा कल्ला उघडून लालभडक आतला भाग त्याच्यासमोर धरला. गिऱ्हाईक गप. मला ती तिथेच आवडली.

तिनं पत्रक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. पत्रक ऐकताना लोक मान डोलावतात आणि दुसरीकडे बघतात, याची मला सवय होती. हिची नजर हलली नाही. वाचून झाल्यावर तिनं शेजारी बसलेल्या आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला जवळ ओढलं आणि बांगड्याचा कल्ला उघडावा तसा अंगठ्यानं तिचा वरचा ओठ उचलला. वर पुढे काही नव्हतं. सुजलेल्या हिरड्या आणि एक काळा खुंट. मुलीनं चटकन मान फिरवली आणि तोंडावर हात धरला. तो हात, मला पुढे कळलं, तिथेच असायचा. हसतानाही.

“हिचे गेले,” ती बाई म्हणाली. “धाकलो आसा माजो, आठ म्हयन्यांचो. तेचे तरी ऱ्हवांदेत.”

मग तिनं मला घरी यायला सांगितलं. हेच सगळं, असंच ओरडून, तिच्या सासऱ्यांसमोर वाचायचं. मी विचारलं, तुम्हीच का सांगत नाही? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी कुठून आले आहे हे तिला कळेना.

ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

माडांतलं घर. नवरा तांडेलाबरोबर होडीवर, पहाटेच समुद्रात. पडवीत सासरे जाळं विणत बसलेले. एका हातात बांबूची सुई, मांडीवर सुताचं जाळं, आणि पायाच्या अंगठ्याला एक दोरी. दोरीचं दुसरं टोक वाशाला टांगलेल्या झोळीला. सुई चालायची तसा अंगठा चालायचा, अंगठा चालायचा तशी झोळी. झोळीत तो धाकटा, तोंडात चोखणी, डोळे अर्धे मिटलेले. बघायला इतकं सुंदर होतं की मला क्षणभर कशावर चिडायचं तेच आठवेना. पण आठवलं.

मी पत्रक वाचलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग तोंड उघडून आपल्या हिरड्या मला दाखवल्या.

“माका बघ गो बाय. एक दात नाय. तरी बांगडो खातंय. काटो काडूक जीभ आसा.”

मी म्हटलं, “आजोबा, तुम्ही जन्मभर वापरून घालवलेत. याचे यायच्या आधीच निघालेत.”

ते हसले. आपल्या बाजूनं बोलणाऱ्यापेक्षा अंगावर येणारा माणूस त्यांना जास्त आवडायचा, हे मला मागाहून कळलं. म्हणाले, “बरा. मगे पोर रडाक लागला की तुजो कागद तेच्या तोंडात घालू काय?”

पत्रकात तो प्रश्नच नव्हता.

सून दाराआड उभी होती. सासऱ्यांकडे न बघता ती झोळीतल्या पोराला म्हणाली, “बाळा, आजाक सांग, ही बाय इतक्या लांब चलान इली हा. तिचा जरा आयक म्हणान सांग.”

सासरेही झोळीकडेच बघून म्हणाले, “बाळा, आवशीक सांग, आयकतंय. कान आसत, दात नाय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. जे काही बोलायचं ते पोराच्या नावानं. आधी मुलगी होती, आता हा. मीठ संपलं, पाऊस आला, पाहुणे येणार आहेत, सगळा व्यवहार या न बोलणाऱ्या पोरामार्फत चालायचा. पण ‘तुमच्या गुळानं माझ्या मुलीचे दात गेले’ हे पोराच्या तोंडून सांगायला ते वाक्य फार मोठं होतं. म्हणून तिनं बाजारातून मला आणलं. मी त्या घरातलं मोठ्या आवाजाचं बाळ होते. मला याचा अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. उलट मान ताठ झाली.

जाताना सासऱ्यांनी मला शहाळं सोलून दिलं. म्हणाले, हे दातांना चालतं ना, की यावर पण कागद काढलायस?

रडणाऱ्या पोराच्या तोंडात काय घालायचं, याचं उत्तर मी सावंतवाडीत शोधलं. मावशी तिथे राहायची आणि लाकडी खेळणी करणारे तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी एका कारागिराला सांगितलं, मला लाकडाची कडी करून द्या, बाळाच्या मुठीत मावेल अशी, कड गोल, कुठे कुसळ नाही, आणि वर लाखेचा रंग नको. त्याला ‘रंग नको’ हे पटेना. बिनरंगाचं खेळणं त्याच्या दृष्टीनं नागडं होतं. मी त्याला दात, हिरड्या, चावणं, सगळं ऐकवलं. शेवटी केवळ मी निघून जावं म्हणून त्यानं ती करून दिली. पण काय गुळगुळीत केली होती.

सासऱ्यांना कडी फार आवडली. हातात फिरवली, नखानं टिचकी मारली, लाकूड चांगलं म्हणाले आणि चोखणी माझ्यासमोर झोळीतून काढून टाकली. गूळ बंद, म्हणाले. इतक्या सहज. मी मालवणपर्यंत जवळजवळ नाचत गेले.

काही दिवसांनी परत गेले तेव्हा सून बाजाराला गेलेली. सासरे जाळ्यावर. झोळीत पोर गाढ झोपलेलं, मुठीत कडी. पडवीच्या पायरीवर बसलेल्या मुलीनं मला बघितलं आणि तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. सासऱ्यांनी सांगितलं, बघ, तुझं ऐकलं. एक रडणं नाही. मी खूश होऊन वर बघितलं आणि मला मुंग्या दिसल्या.

तांबड्या मुंग्या. वाशावरून निघालेली बारीक रांग काथ्याच्या दोरावरून उतरत होती, झोळीच्या काठावरून आत शिरत होती. मुंगी कधी उगाच चालत नाही. मी रांगेच्या मागे बोट नेत नेत पोराच्या मुठीपर्यंत पोहोचले, कडी अलगद काढली आणि जिभेला लावली.

काकवी.

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे निरागसपणे बघत होते. म्हणाले, “गूळ खंय दिलंय? ती काकवी.” आणि वर पुन्हा, “सुकी कडी लागाना तेका.”

मुलगी आता उघड हसत होती. कडी बुडवून आणायचं काम तिचं होतं, हे तिच्या बोटांवरूनच दिसत होतं. मी संतापले. म्हणजे किती, ते सांगता येणार नाही. गुळावर बंदी म्हटलं तर काकवी, उद्या काकवी म्हटलं तर खडीसाखर, परवा मध. पत्रकात एकेक जिन्नस लिहीत बसायचं का? मी हे सगळं इतक्या मोठ्यानं म्हटलं की पोर जागं झालं, मुठीत कडी नाही हे त्याला कळलं, आणि त्यानं जो सूर लावला तो माझ्या वर होता.

सासऱ्यांनी शांतपणे पायाच्या अंगठ्यातली दोरी सोडली आणि माझ्यापुढे धरली. उठवलंस ना, आता तूच गप कर.

मी झोळी हलवली. पोर रडलं. जोरात हलवली. पोर जोरात रडलं. “गो, पाळणो तो,” सासरे म्हणाले. “होडी लाटेत घालू नको.” मी उचलून घेतलं, चाल केली, शाळेतली कविता म्हणून पाहिली. शेजारच्या दोघीतिघी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. कोणी मार दिल्यान काय, अशी चौकशी झाली. एकीनं तर सुचवलं, गुळाचा खडा द्या आणि मोकळे व्हा. मी ‘नाही’ म्हणून ओरडले तेव्हा पोर दचकून गप झालं आणि दुप्पट जोरानं सुरू झालं.

आणि तेव्हा सासऱ्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. मघाचं हसू नव्हतं. रडणं ऐकताना हातातली सुई थांबली होती. ते माझ्याशी नाही, मांडीवरच्या जाळ्याशी बोलल्यासारखे म्हणाले, “ह्या एक काम माका ऱ्हवला हा गो. पोर गप ऱ्हवला तर सून बाजाराक जाता. ह्या पण जमला नाय, तर मी करू काय?”

मी तिथे पोर घेऊन उभी. मी आजवर समजत होते की समोर अडाणी हट्ट आहे. तो हट्ट नव्हताच. तो माणूस कमरेनं दगा दिल्यापासून होडीवर जात नव्हता, आणि त्याच्या सगळ्या जगण्याला आता एका गुळाच्या खड्याचा टेकू होता.

इतक्यात किनाऱ्यावरून आरोळी आली.

रापण ओढत होते. ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीनं समुद्रात मोठं जाळं अर्धगोल टाकायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि अख्खी वाडी दोन्ही बाजूंना उभी राहून, आरोळीच्या तालावर ते ओढत आणायची. बायका, पोरं, पाहुणे, कुणीही. नियम एकच. ज्याचा दोराला हात लागला, त्याला मासळीचा वाटा.

आरोळीबरोबर पोराचं रडणं मध्येच तुटलं. त्यानं मान वळवली. दुसरी आरोळी आली तसा एक हुंदका अर्धाच राहिला.

मी म्हटलं, “आजोबा, चला. त्याला तिकडे नेऊ.”

ते नाही म्हणाले. कमर गेल्यापासून ते रापणीवर गेलेच नव्हते. दोर ओढता येत नाही आणि न ओढता वाटा घेणं त्यांना जमणारं नाही. लोक मानानं द्यायचे, पण यांनी घरी आलेला वाटा परत पाठवला होता. तेव्हापासून समुद्र त्यांनी पडवीतूनच ऐकला.

मी आडदांड आहे, हे माझ्याबद्दल घरचेही सांगतात. मी पोराला कडेवर घेतलं आणि चालायला लागले.

“पोराक खंय व्हरतंस?” मागून आवाज आला. मी थांबले नाही. मागे काठीचा आवाज, मग वाळूत पाय ओढल्याचा. माडांच्या कडेला त्यांनी मला गाठलं, पोर माझ्याकडून काढून घेतलं आणि पोराला असं धरतात का, तुला वाळूत चालता तरी येतं का, असं काय काय सुनावत स्वतःच पुढे झाले. मुलगी आमच्या पुढे धावत होती.

किनाऱ्यावर कुणी काही विचारलं नाही. हे मला फार आवडलं. दोर ओढता ओढता सगळ्यांनी पाहिलं, आणि रापणीचा म्होरक्या एवढंच म्हणाला, “आजो इलो. जागा करा.” दोन बाप्ये सरकले. सासरे दोराच्या शेवटाला, जिथे ओढून झालेला दोर वेटोळं करून टाकतात तिथे, वाळूत बसले. पोर मांडीत. ओला, खारा, काथ्याचा दोर त्याच्यासमोरून सरकत होता. पोर बघत राहिलं. मग ते दोराकडे झेपावलं. आणि त्यानं तो थेट तोंडातच धरला.

“दोर तोंडात,” मी किंचाळले. “त्यावर काय काय असेल.”

सगळी रापण हसली. मी वाकून बघितलं. पोर दोराचं एक टोक वरच्या हिरडीनं कराकरा चावत होतं. त्या हिरडीतून दोन नवे दात डोकावत होते, तांदळाच्या कणीएवढे, पांढरे स्वच्छ. ते चोखत नव्हतं, चावत होतं. त्याला गूळ नको होता, शिवशिवणाऱ्या हिरडीखाली काहीतरी हवं होतं आणि बघायला काहीतरी. रडणं कुठल्या कुठे गेलं. आरोळी आली की ते दोर सोडून ‘आ’ करायचं आणि पुन्हा चावायचं.

जाळं आलं. पांढरंशुभ्र तडफडणारं, बांगडे, तारल्या, पेडवे. वाटे पडायला लागले. सासरे उठायच्या बेतात होते. म्होरक्यानं एक वाटा जास्त काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मान हलवली. दोराला हात लावलेला नाही.

“तुजो खंय?” म्होरक्या म्हणाला. “नातवाचो.”

कुणीतरी मागून हरकत घेतली की नातवानंही हात नाही लावला, दात लावल्यान. तेव्हा सासरे पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

“मगे दातांचो वाटो दी. सगळे हातान ओडतंत. ह्यो एकटो दातान ओडता.”

किनारा लोळायचा बाकी राहिला. वाटा घेतला गेला. दोन बांगडे आणि मूठभर पेडवे. ते परकराच्या ओच्यात धरायचं काम मुलीला मिळालं.

घरी येईपर्यंत पोर आजोबांच्या खांद्यावर झोपलं होतं. तोंड उघडं, त्यात काही नाही, अंगाला खाऱ्या वाऱ्याचा आणि मासळीचा वास. मुलीनं केरसुणीनं झोळीचा दोर वाशापासून खालपर्यंत झाडला. कडी मी उकळत्या पाण्यातून काढली आणि सगळ्यांसमोर तिला पुन्हा जीभ लावली.

दुपारी सून बाजारातून आली. रिकामी पाटी उतरवून तिनं पानावर ठेवलेले बांगडे बघितले, झोपलेलं पोर बघितलं, वर दोर बघितला. मुलीनं एका दमात सगळं सांगितलं. सून झोळीशी वाकली, अंगठ्यानं हळूच पोराचा ओठ उचलून ते दोन दाणे पाहिले, आणि मग ताठ उभी राहिली. मी वाट बघत होते की आता ‘बाळा, आजाक सांग’ येणार. पोर झोपलेलं होतं. ती सरळ सासऱ्यांकडे वळली.

“मामांनू, उद्या पण तेका रापणीर न्हेवा.”

सासऱ्यांनी सुई उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी तिच्याचकडे बघून म्हणाले, “तुज्या झिलाचो वाटो आसा तो. तिकला कर.”

मी त्या दिवशी तिथेच जेवले. तसलं तिखलं, बांगड्याचं तिखट कालवण, मी पुन्हा खाल्लेलं नाही. जेवून झाल्यावर मुलीला ओल्या फडक्याचं एक टोक बोटाला गुंडाळून बाळाचे दात कसे पुसायचे ते दाखवलं, आणि तिला आंब्याचं पान कसं दुमडायचं तेही. ती दोन्ही कामं तिनं स्वतःच्या हुकमतीखाली घेतली.

नंतर पाऊस आला, समुद्र बंद, रापण बंद. मला धास्ती होती की आता चोखणी परत येणार. पण सासऱ्यांना तोवर वेगळाच नाद लागला होता. नातवाला घोंगडीत घेऊन ते वाडीतल्या घरांतून फिरायचे. कुणाच्याही पडवीत पाय ठेवला की बसण्याआधी वर वाशाकडे बघायचे. दोरावर मुंगी दिसली की त्या घराची धडगत नसे. मी जे उद्धट मथळ्यात लिहिलं होतं त्याच्या दसपट उद्धट ते तोंडावर बोलत, आणि लोक ऐकून घेत, कारण ते आपल्यातले होते. त्यांना येताना बघून बायका घाईघाईनं दोर झाडायला लागल्या, तेव्हा ते चोखणी शोधायला पोराची उशी उचलून बघू लागले.

मंडळात मी नवं पत्रक मांडलं. ‘तुमच्या झोळीच्या दोरावर मुंग्या आहेत का?’ उत्तर दोन ओळींत मावलं नाही. तिसरी ओळ घातली: रडणाऱ्या बाळाला काहीतरी चावायला आणि काहीतरी बघायला द्या. ‘आजच’ हा शब्द मी काढून टाकला. तो तिथे कुणाच्या उपयोगाचा नव्हता. आणि आम्ही सरकारकडे अर्जही केला की दातांचे डॉक्टर असे कधीतरी चार दिवसांसाठी नकोत, कायमचे हवेत. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. येईपर्यंत मी गप बसणार नाही, हे त्यांनाही आता माहीत झालं असेल.

मुलीचे वरचे पक्के दात त्यानंतरच्या वर्षी आले. थोडे वाकडे, जागा राखणारं कुणी नव्हतं म्हणून. पण शाबूत, आणि नव्या दातांच्या कडेला असते तशी बारीक करवतीची धार. ती धार ती जिभेनं चाचपत असायची. तोंडावरचा हात कधी गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा रापणीत ती हसताना मला दिसली तेव्हा तिचे दोन्ही हात दोरावर होते.

आणि परवाच्या बाजारातलं सांगते. मासळीच्या ओळीतून मला हाक आली. ती बाई बसली होती, समोर बांगडे, मांडीवर तो धाकटा. आता चांगला दोन-सव्वादोन वर्षांचा. एक गिऱ्हाईक मासे न्याहाळत उभं होतं. तिनं मला जवळ बोलावलं, गिऱ्हाइकाला म्हणाली जरा थांबा, आणि बांगड्याचा कल्ला उघडावा तसा अंगठ्यानं पोराचा वरचा ओठ उचलला. ओळीनं पांढरे, एकही डाग नाही.

“बघ बाय,” ती म्हणाली. “ताजे.”

पोरानं तिचा अंगठा कडकडून चावला. ती बोटं झटकत इतकी हसली की गिऱ्हाइकाला बांगडे कसे दिले ते विचारायचंही सुचेना.